आधी शिजवा, मग वाटा

दिवाळी अंकात चकलीची भाजणी आणि चिरोट्याचे पदर यांविषयी वाचण्याची सवय असलेल्या वाचकांना मी आज बोकडाच्या मांडीविषयी चार शब्द सांगणार आहे. ज्यांच्या घरी हा पदार्थ वर्ज्य आहे त्यांनी रागावू नये. या हकिगतीतील मुख्य व्यक्ती, म्हणजे माझी आई, स्वतः माळकरी आहे आणि गेल्या बावीस वर्षांत तिने मांसाचा कण जिभेवर ठेवलेला नाही. तरीसुद्धा त्या दिवशीचा स्वयंपाक तिनेच केला असे मी म्हणतो. हात तेवढे आमचे होते.

आमचे घर पारनेरचे. पुणे-नगर रस्त्यावर सुप्याला वळले की उघडीबोडकी माळराने सुरू होतात, त्यांच्या पलीकडे हे गाव. सेनापती बापटांचा जन्म इथे १८८० साली झाला, ही आमच्या गावची अभिमानाने सांगण्याची गोष्ट. आणि पाऊस इथे यायला कुरकुरतो, ही न सांगता कळणारी. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांची झोळी बरीचशी रिकामी झालेली असते. अशा मुलखात बाजरी, ज्वारी आणि शेळी हीच माणसाची सोबत. संगमनेरी शेळी तर आमच्याच जिल्ह्याचे नाव सांगणारी. चारा थोडा, पाणी थोडे, तरी ती तग धरते; आणि अडचणीच्या वेळी घरातला बोकड हीच शेतकऱ्याची पेढीवरची ठेव असते.

अशा मुलखाची पाककलाही त्याला साजेशीच असणार. आमच्याकडचे मटण म्हणजे मुख्यतः रस्सा. मांस पावशेर असो की चार शेर, पाणी आपल्या हातात असते. ऐन वेळी दोन पाव्हणे वाढले तर दोन तांब्ये पाणी वाढते आणि त्याला अंग यावे म्हणून येसूर टाकला जातो. येसूर म्हणजे भाजलेली धान्ये, डाळ आणि मसाला यांचे दळलेले पीठ. नगरकडच्या लग्नाची आमटी त्याच्या जिवावर उभी असते. रस्सा हे गरिबीचे अन्न आहे असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण ते माणूस परत न पाठवणाऱ्या घराचे अन्न आहे, एवढे नक्की म्हणेन.

आणि मटण घरात यायचे तेही वाट्याने. माझ्या लहानपणी चार घरे मिळून एक बोकड घेत. पळसाच्या पानांवर त्याचे चार वाटे पडत. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडा सीना, कलेजीचा तुकडा, चरबी आणि हाडे. वाटे सारखे झाले की एका पोराला पाठमोरे उभे करायचे आणि वाट्यावर बोट ठेवून विचारायचे, ‘हा कुणाचा?’ ते पोर नाव घेईल त्याचा तो वाटा. यात लबाडीला जागा नसे. वडील म्हणत, कच्च्या मटणाइतका न्याय कोर्टातही मिळत नाही.

वडील गेल्यानंतर सहा वर्षांपूर्वी आम्हां दोघा भावांची वाटणी झाली, ती याच चालीवर. अकरा एकर कोरडवाहू जमीन, तिचे दोन सारखे वाटे. वाड्याच्या चौकातून एक भिंत. दोन चुली. पण विहिरीचा वाटा पडत नाही, तिथे पाळ्या ठरवाव्या लागतात. दादा गावात राहून शेती करतो. मी पुण्यास मराठीचा अध्यापक, त्यामुळे माझी जमीन वाट्याने कसायला दिलेली. एका उन्हाळ्यात माझ्या पाळीचे पाणी कोणी घेतले आणि मोटर कोणी चालू ठेवली, यावरून जे बोलणे झाले ते पुढे बोलणे बंद होण्यापर्यंत गेले. आई सहा महिने भिंतीच्या त्या बाजूला आणि सहा महिने माझ्याकडे. दिवाळीला आम्ही सगळे पारनेरला जमतो, पण दोन पंगती बसतात. भाऊबीजेला आक्का येते आणि बिचारी दोन्हीकडे अर्धे अर्धे जेवते.

गेल्या वर्षी दादाचा बाळू इंग्लंडहून आला. लीड्सला तो नोकरी करतो. तो पोरगा काही भिंत मानत नाही. सकाळचा चहा तिकडे घेतो, दुसरा आमच्याकडे. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, ‘काका, उद्या परवा एकदा सगळ्यांनी मिळून जेवू. मी रोस्ट करतो.’

मग त्याने वर्णन केले. तिकडे रविवारी दुपारी घरोघर बीफचा अखंड तुकडा मीठ, मिरे आणि रोजमेरी, थाइम अशा वासाच्या पाल्यात मुरवून भट्टीत भाजतात. त्याचे आधी तुकडे करत नाहीत. भाजून झाला की थोडा वेळ तसाच ठेवतात, मग सगळे टेबलाशी बसल्यावर घरातला वडील माणूस त्याच्या चकत्या कापून एकेकाला वाढतो.

आई ओसरीवर वाती वळत होती. तिने एवढेच विचारले, ‘कशाचं म्हणालास?’

बाळू गप्प झाला. मीच मध्ये पडलो. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ पासून बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. म्हशीच्या मांसाला ती बंदी नाही. पण आमच्या घरी हा प्रश्न कायद्यापर्यंत जातच नाही. ज्याच्या मानेवर जू ठेवून अकरा एकर उलटवली त्याला पोळ्याला पुरणपोळी द्यायची, एवढेच आम्हांला ठाऊक. मराठी मुलखातल्या सगळ्याच चुली अशा नव्हत्या, हेही मला माहीत आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान घरांत ते अन्न होते. दलित वस्त्यांत उन्हात वाळवलेल्या चान्या होत्या, आणि शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात त्या स्वयंपाकाची दखल घेतली, तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळांना आपले स्वयंपाकघर किती अपुरे ठाऊक होते ते कळले. ज्याचे त्याचे पान ज्याला त्याला. आमच्या चुलीवर मात्र बोकड. बाळूलाही ते पटले.

‘पण मांडी अखंड हवी,’ तो म्हणाला. ‘आपल्याकडे असं भाजून कोणी करत नाही ना, म्हणून काळजी वाटते.’

येथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्याला सांगितले, बाबा रे, बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लास’ लिहिला. महाराष्ट्रातील बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख त्यात आहे, म्हणून आम्ही मराठी शिकवणारे त्याचे नाव आदराने घेतो. पण त्याच ग्रंथात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे आणि मांस शूलावर भाजण्याची वर्णनेही आहेत. रायगडकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडके पालथे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. पाल्याच्या वासात भाजणे ते हेच की! आणि आपण नगरवाले तर हुरड्याचे धनी. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे कशी हळूहळू भाजावीत हे आपल्याला लीड्सकरांनी शिकवायला नको.

भाषण बरे झाले; पण रोजमेरी आणि थाइम पारनेरात कुठून आणणार? तो प्रश्न आईने सोडवला. बाळूने बॅगेतून थाइमची एक छोटी बाटली आणली होती. आईने ती हुंगली आणि म्हणाली, ‘आरं, हा तर ओव्याचा वास.’

ती बरोबर होती. ओव्याला जो वास आहे तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि थाइमला ते नाव त्याच द्रव्याने दिलेले नसले तरी द्रव्याला नाव थाइमवरूनच मिळाले आहे. मागच्या परसात रांजणाच्या गळतीवर पानओवा माजला होता. त्याची जाड, लवदार पाने चुरगळली की तोच वास येतो. पोरांना खोकला झाला की त्यांचा रस काढण्यासाठी आईने तो लावलेला. वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला पूर्वी सांगितले होते की रोजमेरी, थाइम, पुदिना, मरवा, पानओवा ही सारी तुळशीच्याच कुळातली. मी ते आईला सांगितले. तिने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला नकळत हात लावला. ‘मग तुळस सोडून बाकीची घ्या,’ ती म्हणाली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी आणि बाळू खाटकाकडे गेलो. एकाच बोकडाच्या दोन्ही मागच्या मांड्या, मिळून साडेतीन किलो. खाटकाने सवयीने सुरा उचलला. ‘तोडू नका’ म्हटल्यावर त्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही पुस्तक विकत घेऊन ते वाचणार नाही म्हणालो होतो.

वाचकांपैकी कोणाला करून पाहायचे असेल तर प्रमाण देतो. मीठ किलोमागे चहाचे दोन सपाट चमचे. पानओव्याची चाळीसएक पाने, पुदिन्याची आणि कोथिंबिरीची एकेक जुडी, लसणाचे तीन गड्डे, दोन बोटे आले, दोन चमचे मिरे, चार लिंबांचा रस, वाटीभर तेल. मिरची हवी तर चार. कांदा-खोबऱ्याचे वाटण नाही आणि काळा मसालाही नाही, हे मनाला समजवावे लागते. मांडीवर आधी नुसते मीठ चोळायचे, मग सुरीच्या टोकाने बोटभर खोल चिरा पाडून पाल्याचे वाटण त्यांत दाबून भरायचे. मीठ रात्रीतून आतपर्यंत उतरते आणि मांसातले पाणी धरून ठेवते. पाल्याचा वास मात्र वरवरच राहतो, म्हणून चिरा. रात्रभर झाकून थंड जागी ठेवायचे. बोकडाच्या मांडीवर चरबी बेताची, म्हणून उघड्या आचेवर ती कोरडी पडते. यासाठी आईने दमाचा मार्ग सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात तीन दगडांची चूल मांडली. आईची माळ असल्याने मटण घरातल्या चुलीवर कधीच होत नाही. त्याची भांडीही वेगळी, परसातल्या छपरात ठेवलेली. कल्हईचे मोठे पातेले काढले. लिंबाची आंबटाई आहे, कल्हई ताजी पाहिजे. तेलात मांड्या सर्व अंगांनी तांबूस होईपर्यंत परतल्या. हा तांबूसपणा म्हणजे नुसता रंग नव्हे. खरी चव तिथेच जन्माला येते, आणि पाणी असेल तिथे तो येत नाही, म्हणून मांडी आधी पुसून कोरडी करावी. मग तळाशी किलोभर कांद्याच्या जाड चकत्या, त्यांवर मांड्या, तांब्याभर पाणी आणि झाकण. झाकणाची फट कणकेने लिंपली. खाली गोवऱ्यांचे निखारे, वर झाकणावर निखारे. शहरात भट्टी असेल तर १६० अंशांवर झाकून तीन तास आणि शेवटी उघडून वीस मिनिटे.

तीन तास का, तर मांडीचे स्नायू जन्मभर माळरान तुडवलेले असतात. त्यांना बांधून ठेवणाऱ्या ज्या चिवट शिरा-पापुद्रे असतात ते घाईने मऊ होत नाहीत. जाळ मोठा केला तर मांस आवळते आणि पाणी बाहेर टाकते. मंद आचेवर तासन्तास ठेवले तर तोच चिवटपणा विरघळून चिकट रस होतो आणि मांसाला मऊपणा देतो. धीर हाच मुख्य मसाला.

पण लिंपलेल्या पातेल्यात डोकावता येत नाही आणि चाखताही येत नाही. बाळू दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहू लागला. आई दहा हातांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पाट घेऊन बसली होती. ‘आज्जी, तुला वासाचा त्रास नाही ना होत?’ त्याने विचारले.

‘माळ गळ्यात घातलीय, नाकाला नाही बांधली,’ ती म्हणाली.

आणि मग तिने नाकाने स्वयंपाक केला. पहिल्या तासाला म्हणाली, ‘लिंबू उडतंय, जाळ कमी करा.’ पुढे, ‘लसूण अजून कच्चा आहे.’ नंतर बराच वेळ ओव्याचा दरवळ होता, तेव्हा ती काहीच बोलली नाही. अडीच तास झाले तेव्हा तिने मान वर केली. ‘ओवा बसला. आता कांद्याचा गोड वास येतोय. खालचे निखारे काढा, वरचे राहू द्या.’ बावीस वर्षे न चाखता आम्हांला खाऊ घालणाऱ्या बाईने चव कुठे साठवून ठेवली होती ते मला त्या दिवशी कळले.

आता खरी अडचण होती. मी, माझी पत्नी, मुले, आक्का, दाजी, भाचरे आणि वहिनीसुद्धा परसात आली होती. दादा मात्र भिंतीपलीकडे आपल्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होता. सकाळपासून तेच वर्तमानपत्र. बाळूचा चेहरा उतरला. मी जाऊन बोलवावे हे सर्वांच्या मनात होते आणि माझे पाय उचलत नव्हते, हे येथे लिहून टाकतो.

आई मोठ्याने म्हणाली, भिंतीपलीकडे जावे एवढ्या मोठ्याने, ‘पातेलं थोरल्यानं उघडायचं असतं.’

अशी काही रीत आमच्या घरात नव्हती. पण आईने रीत म्हणून सांगितले की ती रीत होते. दादा आला. कोणाकडे न पाहता त्याने चिमट्याने निखारे बाजूला केले, कणीक फोडली आणि झाकण काढले. वाफ वर गेली तेव्हा एकदम सगळी पोरे ‘हा!’ म्हणाली.

मांड्या परातीत काढून अर्धा तास झाकून ठेवल्या. लगेच कापले तर रस वाहून जातो. थांबले तर तो मांसात मुरतो. त्या अर्ध्या तासात आईने वहिनीला पातेल्यातल्या कांद्याकडे बोट दाखवले. ‘ते फेकायचं नाही. पाणी घाला, येसूर लावा.’ उरलेल्या रसाचा असा रस्सा झाला, आणि ते बरेच झाले. कारण वास गल्लीत गेला होता आणि ‘सहज’ आलेले तिघे शेजारी पंगतीला वाढले. अखंड मांडीत हा एक दोष आहे की ती वाढवता येत नाही. तो दोष पारनेरच्या रश्श्याने झाकला.

दादाने वडिलांची जुनी सुरी आणली. धाग्यांच्या आडवे कापावे, म्हणजे घास मऊ लागतो, हे बाळूने सांगितले आणि दादाने मुलाचे निमूटपणे ऐकले. चकत्या पडू लागल्या. आणि मी पाहिले, की दादा त्या चकत्या परातीच्या दोन कडांना दोन ढिगांत लावतो आहे. एक इकडे, एक तिकडे. हाडाजवळची एक इकडे, तसलीच एक तिकडे. अगदी सारखे. यात कपट नव्हते. हाताला तेवढेच ठाऊक होते. मीसुद्धा, खरे सांगायचे तर, डोळ्यांनी ढीग मोजत होतो.

‘थोरल्या,’ आई तिथूनच म्हणाली, ‘वाटे कशाला घालतोस? वाटे कच्च्याचे घालतात. शिजलं आता. पानात वाढ.’

दादाचा हात थांबला. परसात क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्याने सुरीच्या पात्याने दोन्ही ढीग एकत्र केले, परात उचलली आणि पंगतीच्या टोकापासून वाढायला सुरुवात केली. पोरांना मऊ भाग, दाजींना कडेचा खरपूस, आक्काला पुन्हा पुन्हा. माझ्या पानाशी आला तेव्हा त्याने नळीचे हाड ठेवले. लहानपणी वडील नळी नेहमी मला देत, धाकटा म्हणून. त्यावरून दादा रुसत असे. ‘धर,’ एवढेच तो म्हणाला. कित्येक वर्षांतला तो पहिला शब्द.

आई त्याच पंगतीच्या शेवटी, थोडे अंतर राखून, पिठले-भाकरी जेवली. कार्तिकी एकादशी आठ दिवसांवर होती आणि तिला पंढरपूरला जायचे होते.

चार घास एकत्र जेवल्याने वाटण्या मोडत नाहीत. भिंत आहे तिथेच आहे आणि विहिरीच्या पाळ्याही कागदावर लिहिल्याप्रमाणेच चालतात. मात्र दुसऱ्या दिवशी मी निघताना दादा म्हणाला, ‘उद्या तुझी पाळी आहे ना? मोटर मी सोडतो, तू जा निवांत.’ जमीन, विहीर, भांडीकुंडी यांचे वाटे घालावेच लागतात, आणि ते वेळेवर घातलेले बरे. पण काही गोष्टी आधी एका पातेल्यात शिजू द्याव्यात आणि मग वाटाव्यात, हे आम्हां दोघा शिकल्यासवरल्या भावांना एका माळकरी म्हातारीने मांसाच्या पराती​शेजारी शिकवले.

वहिनीने निघताना येसुराची पुडी दिली आणि आईने पानओव्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. ती फांदी आता पुण्याच्या गॅलरीत कुंडीभर पसरली आहे. यंदा बाळूला रजा नाही. तरी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसासाठी दादाचा निरोप आला आहे: मांड्या मी सांगून ठेवतो, पाला तू आण.